हागणदारी कोणाची?

मोबाइल हातातून निसटला, बस चुकली, पेपरात सोपा प्रश्न राहून गेला, की आपल्या घरातली विशीतली मुलं ‘ओ शिट’ म्हणतात. आजीसमोर म्हणतात, देवघरात काडी विझली तरी म्हणतात, आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. त्याच मुलानं त्याच क्षणी त्याच अर्थाचा मराठी शब्द उच्चारला तर घरात काय होईल ते सांगायला नको. परक्या भाषेतली घाण आपल्याला घाण वाटत नाही, हे त्याचं सोपं उत्तर झालं. मला त्यापुढचा प्रश्न पडतो. कोणाच्या घाणीबद्दल उघडा शब्द वापरायचा आणि कोणाच्या घाणीवर सभ्य शब्दाचं पांघरूण घालायचं, हे ठरवतं कोण?

आधी त्या इंग्रजी शब्दाबद्दल. त्याची एक जन्मकथा व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरते. जुन्या काळी जहाजांतून वाळकं शेणखत न्यायचे, तळाशी पाणी शिरून ते भिजलं की मिथेन साठायचा, कोणी कंदील घेऊन खाली उतरलं की भडका उडायचा. म्हणून गोण्यांवर ‘शिप हाय इन ट्रान्झिट’, म्हणजे उंचावर ठेवा, असा शिक्का मारू लागले आणि त्याच्या आद्याक्षरांचा हा शब्द झाला. गोष्ट झकास आहे आणि साफ खोटी आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची खोड बहुतांशी विसाव्या शतकातली; हा शब्द हजार वर्षांहून जुना. त्याचा भाऊबंद ‘क्रॅप’, त्याचीही अशीच कथा आहे. लंडनच्या थॉमस क्रॅपर नावाच्या प्लंबरनं फ्लशचा संडास शोधून काढला आणि त्याच्या आडनावावरून शब्द पडला, असं सांगतात. क्रॅपर खरा होता. १८३६ चा जन्म, १९१० साली वारला, चेल्सीत त्याचा चांगला चालणारा धंदा होता. पण फ्लशची कल्पना सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ सालीच छापली होती आणि अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं होतं. ‘क्रॅप’ हा शब्द मूळचा भुशाचा, चाळून उरलेल्या गाळसाळीचा. शौचाच्या अर्थानं तो १८४६ मध्ये छापलेला सापडतो, तेव्हा क्रॅपर जेमतेम दहा वर्षांचं पोर होता.

या दोन्ही कथा इतक्या आवडीनं का सांगितल्या जातात? कारण त्या शब्दाला एक सभ्य बाप शोधून देतात: एकीत जहाजाचा शिक्का, दुसरीत कारागिराचं आडनाव. खरी वंशावळ शोधायला गेलं तर ती कुठल्याही सभ्य शब्दाइतकीच खानदानी निघते. ‘शिट’ हा जुन्या जर्मानिक भाषांतला शब्द, आणि त्याच्या मुळाशी कापणं, फोडणं, वेगळं करणं या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. शरीरापासून जे वेगळं झालं, ते. त्याच धातूतून लॅटिनमार्गे ‘सायन्स’ आला, कारण जाणणं म्हणजे एका गोष्टीपासून दुसरी निराळी करणं. ग्रीकमार्गे ‘स्किझोफ्रेनिया’ आला. आणि संस्कृतात तोच धातू ‘छिद्’ झाला. आपला छेद, छिद्र, विच्छेद हे सगळे त्या शब्दाचे चुलतभाऊ लागतात. अपूर्णांक शिकवताना मास्तर ‘अंश आणि छेद’ म्हणतात तेव्हा हे नातं कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

एके काळी इंग्लंडात या शब्दाला कोणी लपवत नव्हतं. लंडनच्या जुन्या शहरात शेरबोर्न लेन नावाची गल्ली आहे. तिच्या मध्ययुगीन नावात हाच शब्द होता, पुढे तो घासूनपुसून सोज्वळ करण्यात आला. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या कवीनं एका सज्जन पाद्र्याचं वर्णन करताना लिहिलं की मेंढ्या स्वच्छ आणि मेंढपाळच हगलेला, याहून लाजिरवाणं काही नाही. धर्मगुरूंबद्दल, आणि उपदेशाच्या ओघात. १६११ च्या किंग जेम्स बायबलात यरुशलेमच्या तटावर बसलेल्या लोकांना शत्रूचा सरदार धमकी देतो की तुम्हाला आपली विष्ठा खावी लागेल आणि आपलं मूत प्यावं लागेल. तिथला मुताचा शब्द तोच, जो आज इंग्रजी शाळेत उच्चारला तर पालकांना चिठ्ठी जाते. तो रविवारी देवळात मोठ्यानं वाचला जात होता. त्या काळी खरी शिवी होती ती देवाच्या हाडांची, देवाच्या रक्ताची शपथ घेणं. शरीराचे शब्द साधे होते, पाणी-माती-घाम यांच्यासारखे.

मग हळूहळू पारडं फिरलं. सतराव्या शतकापासून देवाची भीती कमी होत गेली आणि शरीराची लाज वाढत गेली. नोआ वेब्स्टर या कोशकारानं १८३३ मध्ये बायबलच धुऊन काढलं, आणि ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात या शब्दापुढे शेरा आला की तो आता सभ्य वापरात नाही. ही लाज सुरू कुठून झाली, हे बघण्यासारखं आहे. ज्या घरात एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथे शरीरधर्माला आडोसा नसतो, मग त्याच्या शब्दाला कुठला असणार? आडोसा आला तो स्वतंत्र खोली, पलंगाखालचं भांडं आणि ते सकाळी उचलून नेणारी मोलकरीण यांच्यासोबत. भांडं दुसऱ्यानं धुवायचं असलं की त्यातल्या वस्तूचं नाव न घेणं परवडतं. मोलकरणीला ती सोय नव्हती, म्हणून शब्द तिच्याकडे राहिला आणि ‘खालच्या लोकांचा’ ठरला.

वरच्यांनी लॅटिन आणि फ्रेंच आणली, नाहीतर आडवळणाची इंग्रजी. ‘एक्सक्रिमेंट’ म्हणजे चाळून बाजूला काढलेलं. ‘फीसीस’ म्हणजे भांड्याच्या तळाचा गाळ. ‘स्टूल’ म्हणजे बसायची चौकी. ‘टॉयलेट’ म्हणजे साजशृंगाराच्या मेजावर घालायचा कापडाचा तुकडा. लंडनच्या शोषखड्ड्यांतून रात्री जे उपसून गाड्यांत भरलं जायचं त्याला ‘नाइट सॉइल’, रात्रीची माती, असं जवळजवळ कवितेसारखं नाव मिळालं. ते उपसणाऱ्या माणसांना ट्यूडर राजांच्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या काळापासून फक्त रात्रीच काम करायची मुभा होती. दिवसा ते दिसू नयेत, इतकंच त्या नावामागचं काव्य.

१८५५ च्या जुलैमध्ये मायकेल फॅरेडे बोटीतून थेम्स नदीवर गेले होते. पाण्याचा रंग बघून त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे केले, ते सहज बुडावेत म्हणून ओले केले आणि प्रत्येक धक्क्यापाशी पाण्यात सोडले. भर उन्हात ते तुकडे इंचभर खाली जायच्या आत दिसेनासे झाले. फॅरेडे यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, त्यात पुलांजवळ ‘फेक्युलन्स’चे, म्हणजे गाळघाणीचे, ढग उठत असल्याचं म्हटलं. इतका मोठा वैज्ञानिक, इतका साधा आणि सुंदर प्रयोग, आणि मोक्याच्या जागी लॅटिन. काही हललं नाही. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात नदी इतकी घाणली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगावे लागले. त्या प्रसंगाला नाव पडलं ‘ग्रेट स्टिंक’, महादुर्गंधी म्हणावं तर तेही सोवळं होतं. ‘मोठी घाण’ हेच बरोबर. मग अठरा दिवसांत कायदा झाला आणि अभियंता जोसेफ बॅझलजेट यांची भुयारी गटारं उभी राहिली. नाव बदललं म्हणून कायदा झाला असं मी म्हणत नाही. वास खासदारांच्या नाकापर्यंत पोहोचला, म्हणून झाला. पण तिथे पोहोचल्यावर सगळ्यांना साधा शब्द आठवला, हे मात्र खरं.

आता बांगलादेशात येऊ. राजशाही भागातल्या मोसमोइल नावाच्या गावात १९९९-२००० च्या सुमारास कमल कार हे कोलकात्याचे कृषितज्ज्ञ गेले. अनुदानावर संडास बांधायचे आणि लोकांनी त्यात सरपण भरायचं, हा खेळ तेव्हा सगळीकडे चालू होता. कार यांनी अनुदानाचं नावच काढलं नाही. गावकऱ्यांना सांगितलं, चला, तुम्ही कुठे बसता ते दाखवा. सगळं गाव त्या जागेवर नाक मुठीत धरून उभं केलं. जमिनीवर गावाचा नकाशा काढून प्रत्येकाला आपली जागा पिवळ्या भुकटीनं दाखवायला लावली. घरटी रोज किती, महिन्याला किती, वर्षाला किती गाड्या, याचा हिशोब गावकऱ्यांकडूनच करवून घेतला. नंतर एक प्याला स्वच्छ पाणी. कोण पिणार म्हटल्यावर हात वर होतात. मग डोक्याचा एक केस उपटायचा, तो जमिनीवरच्या ताज्या घाणीला टेकवायचा, त्याच प्याल्यात बुडवायचा आणि पुन्हा विचारायचं, आता कोण पिणार? कोणी पीत नाही. माशीला सहा पाय असतात आणि ते या केसाहून जास्त घाण उचलतात, एवढं लक्षात आणून देऊन गप्प बसायचं. पुढचं गाव स्वतःच बोलतं.

कार आणि ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेम्बर्स यांनी २००८ मध्ये या पद्धतीची पुस्तिका लिहिली, तिच्यात कार्यकर्त्यांना एक सूचना आवर्जून दिली आहे: सभ्य शब्द वापरू नका, गावात जो शब्द खरोखर चालतो, तोच वापरा. इंग्रजीत लिहितानाही त्यांनी ‘शिट’ हाच शब्द ठेवला, तोही मथळ्यांत आणि तक्त्यांत. संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांत ‘एक्स्क्रीटा डिस्पोजल’ म्हणणाऱ्या तज्ज्ञांच्या पचनी ते पडायला वेळ लागला. तर्क मात्र बिनतोड होता. ‘शौचाची सवय’ म्हटलं की माणूस मान डोलावतो. ‘तुम्ही एकमेकांचं गू खाताय’ म्हटलं की तो उठून उभा राहतो.

महाराष्ट्र या बाबतीत भाषेच्या दृष्टीनं देशात पुढे होता, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगलेला नाही. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. नाव अचूक निवडलं होतं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेऊन गल्ल्या झाडायचे आणि रात्री कीर्तनात गावाच्या तोंडावर वऱ्हाडीत सुनवायचे. त्यांच्या बोलण्याला सोवळं कधी नव्हतंच. त्यानंतर कार यांची पद्धतही राज्यात आली, आणि या सगळ्यातून सरकारी कागदावर एक शब्द चढला: हागणदारीमुक्त गाव. हिंदीवाले ‘खुले में शौच मुक्त’ म्हणतात, इंग्रजीत ‘ओपन डेफिकेशन फ्री’. आपल्याकडे ग्रामसेवकानं ठराव लिहिला तो ‘हागणदारी’ असा, जिल्हाधिकाऱ्यांनी सही केली ती त्याच्याखाली, आणि वेशीवरच्या कमानीवर रंगारी तेच रंगवून गेला. लग्नाच्या वऱ्हाडाचं स्वागत करणाऱ्या कमानीवर हा शब्द! काही शिक्षित मंडळींनी नाकं मुरडली. माझ्या मते आपल्या शासकीय मराठीनं केलेलं ते एक धीट काम होतं. एरवी हीच भाषा टेबलाला ‘मेज’ आणि फायलीला ‘नस्ती’ म्हणून कोणाला काही कळू देत नाही. इथे कळू दिलं. अर्थात भाषेत तो शब्द कधी मेलाच नव्हता: पावसाळ्यात आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर ‘हगवण’ बिनदिक्कत लिहिलेलं असतं, आणि ते वाचून कोणाला शिवी दिल्यासारखं वाटत नाही.

पण या धीटपणाला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून लेख पुढे नेणं बरोबर नाही. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसांना गाठायला ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. शिट्ट्या फुंकल्या गेल्या, गुलाबाची फुलं हातात दिली गेली, फोटो काढले गेले, दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या. अंधार असेपर्यंत परसाकडे जाऊन यायचं, दिवसभर पाणी कमी प्यायचं, असं आयुष्य काढलेल्या बायका त्या शिट्टीपुढे उठून उभ्या राहिल्या. ज्याच्याकडे संडास बांधायला जागा नाही, नळाला पाणी नाही, त्याचीही तीच गत. लाज हे हत्यार आहे आणि ते धारदार आहे. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त ते एकाच दिशेनं का चालतं, असा माझा आक्षेप आहे.

एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. शहरांच्या बाबतीत काय झालं? शहरांसाठी स्वच्छ भारत अभियानात श्रेणी आल्या: ओडीएफ, ओडीएफ प्लस, ओडीएफ प्लस प्लस आणि त्यावर वॉटर प्लस. एकदम इंग्रजी, तीही आद्याक्षरांत, हॉटेलला तारे मिळावेत तशी. गावाच्या कमानीवर ‘हागणदारी’ आणि महापालिकेच्या होर्डिंगवर ‘ओडीएफ प्लस प्लस’. मैलापाण्याचा नीट निचरा आणि त्यावर प्रक्रिया, नदीनाल्यात काही सोडायचं नाही, असा त्या दोन प्लसांचा अर्थ आहे. होर्डिंग वाचून तो कळत नाही. कळला तर लोक नदीकडे बघतील.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. बाकीचं नाल्यात, नाल्यातून नदीत, खाडीत, समुद्रात. आता साध्या मराठीत विचारा: उघड्यावर जाणं म्हणजे हागणदारी, तर घरात दार लावून बसायचं, नॉब दाबायचा आणि ते सगळं पाइपातून नेऊन उघड्या नदीत सोडायचं, याला काय म्हणायचं? बसण्याची जागा तेवढी बदलली. गावातला माणूस स्वतः चालत हागणदारीत जायचा, शहरात ती पाइपानं पाठवली जाते.

पुण्याचंच घ्या. मुळा-मुठेचं पाणी भीमेत जातं आणि भीमा उजनी धरणात. उजनीतून सोलापूर शहराला पिण्याचं पाणी जातं. नद्या सुधारण्यासाठी जपानी कर्जाचा ‘जायका’ प्रकल्प, त्यातली अकरा प्रक्रिया केंद्रं, यांची चर्चा वर्षानुवर्षं रेंगाळत राहिली. दरम्यान पुणेकर प्लस प्लस वाचतो आणि सोलापूरकर पाणी उकळून पितो. कमल कार यांचा केसाचा प्रयोग सोलापुरात करायची गरजच नाही. केस आधीच बुडवलेला आहे. पण सोलापुरातून शिट्ट्या घेऊन कोणी पथक डेक्कनच्या पुलावर पहाटे येऊन उभं राहिलेलं नाही. कोणत्या आयुक्तांना, कोणत्या बिल्डरला, कोणत्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गुलाबाचं फूल देऊन फोटो काढला गेलेला नाही. माझ्यासारख्या फ्लॅटवाल्यालाही नाही. आम्ही ‘सांडपाणी’ सोडतो. सांडलेलं पाणी म्हणजे चुकून कलंडलेलं, त्यात कोणाचा दोष?

हे आपलंच वैशिष्ट्य आहे असं नाही. ज्या इंग्लंडात हा शब्द सभ्यतेबाहेर गेला, तिथे २०२३ साली पाणी कंपन्यांनी ४,६४,०५६ वेळा, सगळे मिळून ३६ लाख तासांहून अधिक, प्रक्रिया न केलेला मैला नद्यांत आणि समुद्रात सोडला. आकडे त्यांच्याच पर्यावरण संस्थेचे. कागदोपत्री त्याला ‘स्टॉर्म ओव्हरफ्लो’ म्हणतात. म्हणजे वादळाचं पाणी उतू गेलं. जोराच्या पावसात गटारं तुंबून घराघरांत उलटू नयेत म्हणून ही सोय मुळात केलेली होती, हे खरं. पण तक्रार अशी की पाऊस नसतानाही ती वापरली जाते. किनाऱ्यावर पोहणारे लोक फलक घेऊन उभे राहतात तेव्हा त्यांच्या फलकावर कोणता शब्द असतो, हे सांगायला नको. कंपनीच्या पत्रकात लॅटिन, रस्त्यावर जुनी इंग्रजी. पोटं बिघडतात ती रस्त्यावरच्यांची.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात जड होतो. चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसांबद्दल. मैला कुजला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण हवेत दहा लाखांत शंभराच्या आसपास गेलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते; म्हणजे वास गेला, आता ठीक आहे, असं वाटतं तेव्हाच धोका सर्वात जास्त असतो. आणखी वाढलं की माणूस हाक न मारता कोसळतो. वर दोरी धरून उभा असलेला साथीदार, बहुतेक वेळा भाऊ किंवा मेव्हणा, त्याला काढायला उतरतो. म्हणून बातमीत मेलेले एक नसतात, दोन असतात, तीन असतात.

बातमीत शब्द असतात: ‘ड्रेनेज सफाईचे काम सुरू असताना’, ‘गुदमरून’, ‘दुर्दैवी’. कायद्यात त्याहून बारीक कलाकुसर आहे. १९९३ चा कायदा होता, तो अपुरा म्हणून २०१३ चा आला. हातानं मैला उचलायला लावणं हा गुन्हा. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत एक स्पष्टीकरण आहे: सरकारनं ठरवलेली साधनं आणि संरक्षक पोशाख वापरून जो मैला साफ करतो तो ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ मानला जाणार नाही. शिवाय गटारं आणि सेप्टिक टँक यांच्या सफाईसाठी ‘हॅझर्डस क्लीनिंग’ हा वेगळा कप्पा आहे. त्यामुळे संसदेत प्रश्न आला की उत्तर असं येतं: हातानं मैला उचलण्याची प्रथा चालू असल्याची नोंद नाही, जे मृत्यू झाले ते गटारांच्या धोकादायक सफाईत झाले. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. माणूस त्याच वस्तूत बुडून मेला, फक्त कप्पा दुसरा. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये अशा तीन कामगारांच्या विधवांसाठी आदेश द्यावा लागला. खासगी सोसायटीची टाकी साफ करताना माणूस मेला की जबाबदारी कोणाची, याचा वाद आधी घालावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ज्या समाजांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्यांनीच तर घाणेरडी नावं नाकारून ‘सफाई कामगार’ हे नाव मिळवलं. तुम्ही पुन्हा उघड्या शब्दांचा आग्रह धरून त्यांच्या प्रतिष्ठेवर शिंतोडे उडवताय का? नाही. माणसाचं नाव आणि वस्तूचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नेमके उलटे वागत आलो. वस्तूला सोवळं नाव दिलं आणि माणसाला ओवळं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ होता. घरोघरचा मैला उचलण्यासाठी घरमालकांकडून तो घेतला जायचा. हलालखोर म्हणजे हलालाचं, कष्टाचं खाणारा. याहून सन्मानाचं नाव मेहनती माणसाला काय द्यायचं? तरी ते नावही शिवी होऊन बसलं, कारण नाव बदललं आणि काम, वस्ती, जात तिथेच राहिली. ‘संडास’ म्हणायला लाज वाटली म्हणून ‘लॅट्रिन’ आलं, ते विटलं म्हणून ‘टॉयलेट’, आता ‘वॉशरूम’. सभ्य शब्द पिढीभर टिकतो, मग त्यालाही वास मारायला लागतो, कारण घाण साफ करायची व्यवस्था तीच असते. म्हणून कामगाराला कामगार म्हणा, साहेब म्हणा, कायम नोकरी द्या. आणि चेंबरमध्ये काय आहे ते मात्र नाव घेऊन लिहा.

दवाखान्यातही हाच मुखवटा नडतो. ‘मोशन झालं का?’ असं डॉक्टर विचारतात, पेशंट ‘कोठा साफ नाही’ म्हणतो आणि रंग काळा डांबरासारखा होता हे सांगायचं राहून जातं. पोटात रक्तस्राव असल्याची ती खूण असू शकते. लाजेपायी ती महिनाभर घरातच राहते.

मला भाषेत क्रांती नको आहे. घरात मुलांनी काय बोलावं हेही मी सांगत नाही. त्यांचं ‘ओ शिट’ चालू द्या. सरकारी आणि सोसायटीच्या कागदांपुरती मागणी आहे. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. त्यात ‘अंशतः प्रक्रियाकृत सांडपाणी’ असं न लिहिता, रोज इतके लिटर मैला आपण नदीत सोडतो आणि खाली अमुक शहर ते पाणी पितं, असं लिहा, गावांची नावं घालून. ज्या शहराचा निम्मा मैला नदीत जातो त्याच्या वेशीवर प्लस लावू नका. गावाला लावला तोच मराठी शब्द लावा, ‘मुक्त’ वगळून. आणि सोसायटीच्या लिफ्टजवळ जी नोटीस लागते, ‘उद्या सकाळी १० ते १२ ड्रेनेज लाइनचे काम असल्याने पाणीपुरवठा बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व’, तिच्यात दोन ओळी वाढवा: आपल्या सगळ्यांचा गू टाकीत साठला आहे, तो सक्शनच्या गाडीनं काढला जाणार आहे की माणूस आत उतरणार आहे. माणूस उतरणार असेल तर खाली सेक्रेटरीची सही घ्या.